उतारवयातील मुका सोबती

मुले परगावी स्थिरावली की घरात कुत्र्याचे एखादे पिल्लू आणावे, असे अनेक ज्येष्ठांना वाटते. विचार उत्तम, पण निवड करताना आवडीआधी आपली पावले पाहावीत. पिल्लू सतत पायांत घुटमळते, आणि हाडे ठिसूळ झालेल्या व्यक्तीचे खुब्याचे हाड मोडायला एवढे अडखळणे पुरते. म्हणून सत्तरीनंतर चार-पाच वर्षांचे, शांत स्वभावाचे देशी कुत्रे दत्तक घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. गुडघे दुखत असतील तर मांजर बरे. त्याला फिरवून आणावे लागत नाही. आपल्याला रुग्णालयात राहावे लागले तर या प्राण्याला कोण सांभाळील, हे तो घरी येण्यापूर्वीच ठरवावे. पोपट मात्र नकोच. देशी पोपट पिंजऱ्यात पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे.

‘घरचेच आहे, त्याला काय होते!’ असे म्हणून दात किंवा नख लागलेले अंगावर काढणारे रुग्ण आजही भेटतात. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की मृत्यू जवळजवळ अटळ असतो. जखमेवर हळद, चुना, तिखट काहीही लावू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. मांजराचा चावा वरून टाचणीएवढा दिसतो, पण आत खोल जातो आणि चिघळतो. मधुमेहींनी तो विशेष जपावा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास तेही सांगावे. प्राण्याच्या वार्षिक लसीकरणाचे कार्ड आपल्या औषधांच्या डब्यातच ठेवावे.