अण्णांची सायकल आणि पितळेचा डाग

भंगारवाला दारात आला की गोठ्यात टांगलेली जुनी सायकल किलोच्या भावाने जाते. शेतकरी बंधूंनो, देण्याआधी ती एकदा उलटी करून नीट पाहा.

आमच्या अण्णांची अठ्ठावीस इंची अ‍ॅटलस अशीच टांगलेली होती. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना २०२० साली बंद पडला, पण या मापाचे सुटे भाग तालुक्याला मिळतात. मळा तीन किलोमीटर, मध्ये नाल्याचा चढ, मागे दुधाचा कॅन. अण्णांचे गुडघे बोलू लागलेले, पण मोटारसायकल नको म्हणतात.

सुट्टीच्या दिवशी सगळी खोलली. कॉटर पिना गंजून बसलेल्या. रात्रभर तेल सोडले, क्रँकखाली लाकडी ठोकळा देऊन ठोकल्या तेव्हा निघाल्या. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे विसरून मी अर्धा तास जोर केला, ते वेगळेच. बी.बी.त दोन्ही बाजूंना पाव इंची अकरा-अकरा छर्रे बसतात. कप डिझेलने धुतले, छर्रे नवे घातले, ग्रीस भरले.

धुतानाच खालच्या नळीला, बी.बी.जवळ, केसाएवढी चीर दिसली. इथे मी चुकलो. जवळच इलेक्ट्रिक वेल्डिंगचे दोन टाके मारून घेतले आणि वरून काळा रंग दिला. आठव्या दिवशी नाल्याच्या उतारावर नळी टाक्याच्या कडेलाच तुटली. अण्णांचे कोपर सोलले, दूध सांडले. "डिप्लोमा शेतीचा केलास रं, लोखंडाचा न्हाई," एवढेच ते म्हणाले.

पातळ नळीला इलेक्ट्रिक वेल्डिंगची आच सोसत नाही, टाक्याशेजारची जागा जळून कमजोर होते. पितळ साधारण नऊशे अंशांवर वितळते, पोलादाला चौदाशेच्या पुढे जावे लागते. म्हणून गॅसवर पितळेचा डाग द्यावा. तुटल्या जागी आतून नळीचा तुकडा घालून तसा डाग दिला. रंग सगळ्यात शेवटी, आणि चीर रंगाने कधी झाकू नये.

चढासाठी मागचे अठरा दात्यांचे फ्रीव्हील काढून बावीसचे बसवले. पुढे चव्वेचाळीस दाते आहेत. आधी पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे साडेपाच मीटर जायची, आता साडेचार; तेवढा जोर कमी लागतो. साखळीला एक दुवा वाढवावा लागला. सळईचे ब्रेक मात्र बदलू नयेत. या रिमच्या कडा गोल असतात, नव्या ब्रेकची रबरे त्यावर बसत नाहीत. फक्त रबरे नवी घालावीत, आणि पावसात ब्रेक थोडा आधीच दाबावा.

अण्णा आता चढ न उतरता पार करतात. सपाटीला सायकल पळत नाही अशी त्यांची कुरकुर आहे. पुढच्या बाजाराला वीस दात्यांचे फ्रीव्हील आणून पाहणार आहे.