भातकापणीच्या घाईत घरातली लहान मुलं कोण सांभाळतं? शेतावरच्या बालपणाची रीलमध्ये न दिसणारी बाजू

मागच्या काही वर्षांत इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर एक प्रकार जोरात चालतोय. शहर सोडून गावाकडे गेलेलं एक जोडपं, दोन लहान मुलं, गाय, कोंबड्या, परसातली भाजी आणि पिकलेलं शेत. मूल चिमुकल्या हातात कणसं धरून हसतंय आणि मागे शांत संगीत वाजतंय. खाली कमेंट असते, "असं बालपण हवं!"

या जगण्याला इंग्रजीत 'होमस्टेडिंग' म्हणतात. शब्द अमेरिकेतला. तिथे 1862 साली होमस्टेड कायदा आला. सरकारी जमिनीवर पाच वर्षं राहून ती कसली की कुटुंबाला 160 एकर जमीन जवळपास फुकट मिळायची. त्यावरून स्वतःच्या जमिनीवर राहून, स्वतःला लागेल ते स्वतः पिकवणाऱ्या कुटुंबासाठी हा शब्द रूढ झाला.

आपल्याकडे मात्र हा काही ट्रेंड नाही. कोकणातलं जुनं घर बघा. पुढे अंगण, मागे परस, बाजूला गोठा, विहीर, नारळ-सुपारीची वाडी आणि थोडं खाली भाताचं शेत. तांदूळ घरचा, नाचणी-कुळीथ घरचं, नारळ आणि कोकम घरचं, दूध घरचं. मीठ, साखर, चहा आणि कपडे सोडले तर अनेक घरांचं बरंचसं भागायचं. आजही काही घरांचं वर्षाचं धान्य शेतातूनच येतं.

अशा घराची वर्षातली सगळ्यात मोठी परीक्षा असते भातकापणी. आणि त्याच दिवसांत घरातल्या सगळ्यात लहान माणसाकडे बघायला कुणी मोकळं नसतं.

कापणीला एवढी घाई का असते?

कोकणात हळवं भात लवकर तयार होतं, त्यानंतर निमगरवं आणि शेवटी गरवं. साधारण दसऱ्याच्या आगेमागे कापणी सुरू होते आणि गरव्या भाताची कामं दिवाळीनंतरही चालतात. आश्विन पौर्णिमेला नवान्न होतं, दारावर भाताच्या लोंब्यांचं नवं बांधलं जातं. दिवाळीला नव्या भाताचे पोहे होतात.

पण पीक तयार झालं म्हणजे घरात आलं असं नाही. कापायचं, एक-दोन दिवस वाळू द्यायचं, भारे बांधायचे, खळ्यावर आणायचे, झोडायचे, वारा द्यायचा, पुन्हा उन्हात सुकवायचं आणि मग कणगीत भरायचं. पेंढ्याची उडवी रचायची ती वेगळीच. यात परतीचा पाऊस आला तर कापलेलं भात शेतातच भिजतं आणि दाण्याला कोंब फुटतात. म्हणून आभाळ भरून आलं की घरातला प्रत्येक हात शेतात जातो.

त्यात कोकणातल्या अनेक घरांतली कामाची माणसं मुंबईला असतात. गणपतीला आलेले चाकरमानी कापणीपर्यंत थांबत नाहीत. शेतात उरतात बायका आणि म्हातारी माणसं. म्हणजे एरवी नातवंडं सांभाळणारी आजीसुद्धा विळा घेऊन शेतात असते.

मग मुलांना शेतात न्यावं की नको?

न्यावं. शेतावर वाढणारं मूल खूप काही शिकतं हे खरंच आहे. ताटातला भात कुठून येतो हे त्याला पुस्तकातून कळावं लागत नाही. किती भारे झाले ते मोजताना गणित येतं. सुपाने पाखडताना फोल हलकं का आणि दाणा जड का हे दिसतं. पुढच्या वर्षाच्या बियाण्यासाठी चांगल्या लोंब्या निवडताना नजर तयार होते.

फक्त काम वयाला झेपेल असं हवं. साधारण हिशेब असा धरता येईल:

- तीन वर्षांपर्यंत: काहीही काम नाही. मूल एका मोठ्या माणसाच्या नजरेसमोरच हवं आणि ते माणूस हातात विळा असलेलं नसावं.
- चार ते सहा: अंगणात वाळत घातलेल्या भातावरून कोंबड्या-चिमण्या हाकलणं, पाण्याचा तांब्या आणून देणं, कापून झालेल्या मोकळ्या वाफ्यात मोठ्यांसोबत सरवा वेचणं.
- सात ते दहा: भारे मोजणं, कोंबड्यांची अंडी गोळा करणं, वासराला चारा टाकणं, बियाण्याच्या लोंब्या निवडणं.
- अकरा ते तेरा: पेंढ्या बांधायला मदत, सुपाने पाखडणं, किती मण भात झालं याची वहीत नोंद.

विळा यात कुठेच नाही. भाताला वापरला जाणारा वैभव विळा दातेरी असतो आणि जमिनीलगत कापायला सोयीचा असतो. याच कारणाने तो लहान बोटांसाठी धोक्याचा आहे.

शेतात नेमका धोका कशाचा?

पाणी. परसातली कठडा नसलेली विहीर, शेताजवळचा ओढा, शेततळं. लहान मूल बुडताना ओरडत नाही, त्यामुळे चार पावलांवर असलेल्या माणसालाही कळत नाही. पाण्याने भरलेली बादली किंवा टाकी रांगत्या मुलासाठी पुरेशी असते.

साप आणि विंचू. भाताला उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. कोकणात फुरसं भरपूर आहे, ते आकाराने लहान आणि पेंढ्यात, दगडात सहज न दिसणारं. साप मुलाला चावला तर विष तेवढंच, पण शरीर लहान, म्हणून धोका जास्त. जखम कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. चावलेला हात किंवा पाय हलू न देता मुलाला उचलून थेट दवाखान्यात न्या. 108 ला फोन करा.

कोकणातला लाल विंचूही मुलांसाठी जीवघेणा ठरू शकतो. खूप घाम, उलट्या आणि हातपाय थंड पडणं ही लक्षणं दिसली की उतारा शोधत बसायचं नाही. एकेकाळी या विंचवाने कोकणात अनेक मुलं दगावायची. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध विंचूदंशावर वापरून दाखवलं आणि मृत्यूचं प्रमाण खूप खाली आलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. औषध आहे, मात्र मूल वेळेत डॉक्टरांपर्यंत पोहोचलं तरच त्याचा उपयोग.

लेप्टो. सिंधुदुर्गात हे नाव लहान मुलांनाही माहीत असतं. उंदरांच्या मूत्रातले जंतू ओल्या शेतात असतात आणि पायावरच्या लहानशा जखमेतूनही शरीरात शिरतात. चिखलात खेळलेल्या मुलाला ताप, डोकेदुखी, अंगदुखी, लाल डोळे दिसले तर "ऊन लागलं असेल" म्हणून थांबू नका. डॉक्टरांना "मूल शेतात होतं" हे आवर्जून सांगा.

यंत्र. आता बऱ्याच ठिकाणी मळणी यंत्रावर होते. सैल बाही किंवा ओढणी पट्ट्यात अडकायला क्षण पुरतो. मळणी यंत्रांमुळे हात गमावणाऱ्यांची संख्या इतकी वाढली होती की देशाला 1983 साली धोकादायक यंत्रांसाठी वेगळा कायदा करावा लागला. यंत्र सुरू असताना मूल खळ्यावर नको, एवढा साधा नियम ठेवा.

विष. कोल्ड्रिंकच्या बाटलीत काढून ठेवलेलं कीटकनाशक आणि उंदरांसाठी ठेवलेलं विषारी आमिष, दोन्ही मुलाला खाण्यापिण्याच्या वस्तू वाटतात. हे कडीकुलपात आणि मूळ डब्यातच हवं.

आता मूळ प्रश्न: लक्ष कोण ठेवणार?

वरचे बहुतेक अपघात एकाच वेळी होतात. मोठी माणसं कामात असतात आणि प्रत्येकाला वाटतं, दुसरं कुणीतरी बघतंय.

यावर आपल्या समाजाने काढलेला जुना उपाय म्हणजे ताई. आठ-दहा वर्षांची मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेते आणि घर कामाला मोकळं होतं. कापणीत तिचे किती दिवस शाळेवाचून गेले, हे कुणी मोजत नाही. शिवाय ती स्वतः मूलच आहे. भावंड विहिरीकडे धावलं तर तिने काय करावं अशी अपेक्षा आहे?

ही गोष्ट महाराष्ट्रात फार पूर्वी दोन बायकांनी ओळखली होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. 1945 मध्ये त्यांनी बोर्डी इथे ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते जवळच कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत नेलं. मुली शाळेत का येत नाहीत, तर त्यांच्या कडेवर भावंड असतं. मग त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली. भावंड पाळणाघरात, ताई वर्गात. याला विकासवाडी म्हटलं गेलं. जी मुलं गुरं राखायला जायची त्यांच्यासाठी शिक्षकच कुरणात जायचे, ती कुरणशाळा. आज आपण सहज वापरतो तो 'अंगणवाडी' शब्दही याच कामाशी जोडलेला आहे.

असाच अनुभव बांगलादेशात आला. तिथे खेड्यांत लहान मुलं बुडण्याचं प्रमाण मोठं होतं आणि बहुतेक घटना सकाळच्या कामाच्या वेळेत, घराजवळच्याच तळ्यात घडायच्या. मग गावातच 'आंचल' नावाची केंद्रं सुरू झाली. सकाळी 9 ते दुपारी 1 या वेळेत गावातलीच एक बाई पाच वर्षांखालची मुलं सांभाळते. मुलं बुडण्याचं प्रमाण यामुळे घटल्याचं दिसलं. 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही बुडण्यापासून बचावासाठी सहा वर्षांखालच्या मुलांना अशी पाळणाघरं द्यावीत अशी शिफारस केली.

आपल्याकडे गावोगावी अंगणवाडी आहे. पण ती मुख्यतः तीन ते सहा वयाच्या मुलांना बसवते आणि दिवसभर चालत नाही. कापणी मात्र संध्याकाळपर्यंत चालते.

कायदा काय म्हणतो?

भारतात 14 वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही. मात्र 2016 च्या दुरुस्तीनुसार शाळेनंतर किंवा सुट्टीत मूल स्वतःच्या कुटुंबाला मदत करू शकतं. 2017 च्या नियमांत त्याला मर्यादा आहेत. शाळेच्या वेळेत नाही, संध्याकाळी 7 ते सकाळी 8 या वेळेत नाही आणि दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त नाही. धोकादायक कामात तर नाहीच. ट्रॅक्टर, कापणी आणि मळणीची यंत्रं वापरली जाणारी शेतीची कामं सरकारच्या धोकादायक यादीत फार आधीपासून आहेत.

'कुटुंबाला मदत' या सवलतीवर युनिसेफने तेव्हा चिंता व्यक्त केली होती. कारण घरात काय चालतं ते तपासायला कुणी येत नाही आणि भावंड सांभाळणं तर कुणी काम म्हणून धरतच नाही.

होमस्टेडिंगच्या देशात, अमेरिकेत, परिस्थिती आणखी सैल आहे. तिथल्या केंद्रीय कायद्यानुसार आई-वडिलांच्या शेतावर मूल कोणत्याही वयात कोणतंही काम करू शकतं. 2011 मध्ये शेतातल्या मुलांसाठी नियम कडक करायचा प्रस्ताव आला. शेतकरी कुटुंबांनी विरोध केला आणि 2012 मध्ये तो मागे घेतला गेला.

मग करायचं काय?

कापणीच्या कामांची वाटणी होते तेव्हा त्यात आणखी एक काम धरा: मुलं सांभाळणं. कापणारे चार, भारे वाहणारे दोन आणि मुलांजवळ एक. हे माणूस मोठंच असावं आणि तेवढा वेळ त्याच्याकडे दुसरं काम नसावं.

गावात सावड किंवा इर्जिक असेल तर हे आणखी सोपं होतं. चार घरं आळीपाळीने एकमेकांच्या शेतात राबतात, तशीच मुलांचीही पाळी लावता येते. आज सगळी मुलं एका अंगणात, उद्या दुसऱ्या. कंबर वाकत नसलेल्या आजीला शेतात नेण्यापेक्षा ही जबाबदारी द्या, पण सोबतीला धावू शकणारं कुणी ठेवा. विहिरीला कठडा किंवा जाळी कापणीआधीच करून घ्या. झाडाला झोळी बांधण्याआधी खाली मुंग्या, दगड, पेंढा बघा. ऑक्टोबरच्या उन्हात मुलांना मागितल्याशिवायही पाणी द्या.

आणि ताईला सकाळी शाळेत पाठवा. शाळेतून आल्यावर ती भारे मोजेल, कोंबड्याही हाकलेल.