आमची मोटार का जळाली?

मागच्या हिवाळ्यात आमच्या विहिरीवरची मोटार जळाली. ज्वारी पोटऱ्यात आली होती आणि नेमके तेव्हाच पाणी बंद पडले. आमच्या धाराशिव जिल्ह्यात पाऊस कमी. आमचे रान तेरणा नदीच्या बाजूला आहे म्हणून विहिरीला पाणी तरी होते, पण वर काढता येत नाही तर त्याचा उपयोग काय? मोटार भरून आणायला चार दिवस लागले. ते चार दिवस आबा कोणाशी धड बोलले नाहीत.

मी अण्णांबरोबर मिस्तरींच्या दुकानात गेलो होतो. मोटार खोलली तर आतली तांब्याची तार काळी पडलेली आणि करपट वास. मी विचारले, "मिस्तरी, होल्टेज तर कमी होते. मग मोटार गार राहायला पाहिजे होती, जळाली कशी?" मिस्तरी हसले आणि म्हणाले, "गुणाकार येतो का रे तुला?" मग त्यांनी पुठ्ठ्यावर जे लिहून दिले आणि नंतर सरांनी जे समजावले, ते मी सांगतो.

बालमित्रांनो, पाण्याची टाकी जितकी उंच तितका नळाला जोर. विजेचा तसा जोर व्होल्टमध्ये मोजतात. नळातून किती पाणी वाहते तसा तारेतून किती करंट वाहतो, तो अँपिअरमध्ये. नळ बारीक असला की पाणी अडते, तशी तारही विजेला अडवते. त्याला अवरोध म्हणतात आणि तो ओहममध्ये मोजतात. ओहम हे जर्मनीतले शिक्षक होते. त्यांनी 1827 साली पुस्तकात हा नियम मांडला. व्होल्टला अँपिअरने भागले की ओहम येतात. आणि व्होल्टला अँपिअरने गुणले की वॅट येतात, म्हणजे वीज किती जोराने काम करते ते कळते.

आमच्या घरी पाणी तापवायचा रॉड आहे. त्यावर 1000 वॅट, 230 व्होल्ट असे लिहिले आहे. 1000 भागिले 230 म्हणजे 4.35 अँपिअर. (दशांशाचा भागाकार आम्हाला अजून शिकवला नाही, तो ताईने करून दिला.) आता 230 भागिले 4.35 केले की सुमारे 53 ओहम. हा झाला रॉडचा अवरोध, तो फारसा बदलत नाही. एखाद्या दिवशी व्होल्टेज 160 झाले तर? 160 भागिले 53 म्हणजे 3 अँपिअर. 160 गुणिले 3 म्हणजे 480 वॅट. बघा, व्होल्टेज 230 चे 160 झाले तर ताकद निम्म्याहून कमी झाली! म्हणून त्या दिवशी आंघोळीचे पाणी तापता तापता शाळेची घंटा होते.

म्हणजे रॉडचे माझ्या म्हणण्यासारखेच आहे, कमी व्होल्टेजला तो गार पडतो. मोटारीचे उलटे आहे. मोटारीला तेवढेच पाणी तेवढ्याच उंचीवर चढवायचे असते. जोर कमी मिळाला की ती जास्त करंट ओढून काम भागवते. आबांनी हे ऐकले आणि लगेच म्हणाले, "मोट तेवढीच अन् बैल अशक्त, मग बैलाला दम लागणारच की."

आमच्या मोटारीच्या पाटीवर 5 एचपी, 3.7 किलोवॅट, 415 व्होल्ट, 7.5 अँपिअर असे आहे. एक एचपी म्हणजे 746 वॅट. पाच एचपीचे 3730 झाले, ते पाटीशी जुळले. पण 415 गुणिले 7.5 केले तर 3112 च आले! मी तीनदा करून पाहिले. सर म्हणाले, थ्री फेज असल्यावर आणखी 1.73 ने गुणायचे. मग 5385 च्या आसपास आले. हे आता जास्त झाले. त्यातले काही पॉवर फॅक्टर म्हणून असतो त्यात कमी होते, काही मोटार तापण्यात जाते, बाकीचे पाणी उपसते. पॉवर फॅक्टर मला पुरता समजला नाही.

त्या रात्री पेटीवरचा व्होल्टेजचा काटा 320 वर होता आणि करंटचा 10 वर. काकांनी बघितला होता. तारेत होणारी उष्णता काढायची तर करंटला करंटनेच गुणायचे आणि मग अवरोधाने. अवरोध तोच धरला तर 7.5 गुणिले 7.5 म्हणजे 56.25, आणि 10 गुणिले 10 म्हणजे 100. करंट सव्वापटीपेक्षा थोडा जास्त, पण उष्णता पावणेदोन पटीच्या वर! अशी मोटार रात्रभर चालली.

जास्त करंट झाला की स्टार्टर आपोआप पडतो. तो त्या रात्री तीनदा पडला. चौथ्यांदा काकांनी बटणात काडी खुपसून ठेवली. (मी हे लिहू का, असे काकांना विचारले. ते म्हणाले, लिही.)

व्होल्टेज कमी का होते, तेही त्याच नियमात आहे. डीपीपासून आमची विहीर लांब आहे. समजा मधल्या तारेचा अवरोध 2 ओहम आणि करंट 10 अँपिअर, तर 20 व्होल्ट वाटेतच खर्च होतात. एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम चालू झाल्या की मुख्य तारेतही असेच होते. आणि व्होल्टेज उतरले की मोटारी जास्त करंट ओढतात, म्हणून ते आणखी उतरते.

आता अण्णा आधी काटा बघतात. 350 च्या खाली असला तर मोटार लावत नाहीत. मिस्तरींनी सांगितलेला तो आकडा मी पेटीच्या दारावर खडूने लिहिला आहे. पेटीला मी हात लावत नाही, दारावर बाहेरून लिहितो. पावसात पुसला की परत लिहितो.