तारप्याचे सूर आणि अमेरिकेचे संगीतकार

वारली चित्रांतील तें वर्तुळ आपणां सर्वांच्या परिचयाचें आहे. मध्यभागीं लांबलचक वाद्य तोंडास लावलेला एक वादक, आणि त्याच्याभोंवतीं शंखाच्या वेटोळ्याप्रमाणें वळत जाणारी नाचणाऱ्यांची रांग. डहाणू तालुक्यांतील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांच्या हातून हें चित्र झोंपडीच्या भिंतीवरून कागदावर व कापडावर आलें. २०११ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली, आणि आज तें वेटोळें शहरांतील पडद्यांवर व पेल्यांवरही जाऊन बसलें आहे. परंतु चित्रांतला तो वादक काय वाजवीत आहे, हें आपल्यापैकीं किती जणांनीं ऐकलें असेल? त्याच्या हातीं आहे तो तारपा. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर तो ऐकलेल्या शहरी पाहुण्याचा अभिप्राय बहुधा असा असतो: "छान आहे, पण तेंच तें किती वेळ वाजवायचें!"

हाच आक्षेप एकदां फार मोठ्या सभागृहांत घेतला गेला. १९७३ सालीं न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्यें स्टीव्ह राइश या अमेरिकन संगीतकाराची 'फोर ऑर्गन्स' ही रचना चालू होती. चार विजेचे ऑर्गन एकच स्वरसमूह धरून बसतात, खुळखुळ्यांचा ठेका अखंड चालतो, आणि तो स्वरसमूह हळूहळू लांबत जातो. सारी रचना ती एवढीच. श्रोते खवळले आणि मध्येंच ओरडूं लागले. प्रगत देशांतला शिकलेला संगीतकार अशा वाटेस कां गेला, हें समजून घेतलें तर तारप्याकडे पाहण्याची आपली दृष्टीही बदलेल, असें मला वाटतें.

प्रथम थोडी पार्श्वभूमि पाहूं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत अमेरिकेंतील अभिजात संगीत हें बहुतांशीं युरोपचें, विशेषतः जर्मनीचें, उसनें घेतलेलें होतें. त्या संगीताचा प्राण म्हणजे हार्मनी. अनेक स्वर एकाच वेळीं वाजतात. एका स्वरसमूहांतून दुसऱ्यांत जातांना ताण निर्माण होतो, वाढतो आणि शेवटीं मूळ घरीं परतून सुटतो. म्हणजे हें संगीत एखाद्या कथेसारखें: आरंभ, गुंतागुंत, उकल. 'पुढें काय?' हा प्रश्न श्रोत्याच्या मनांत सतत जागा ठेवावयाचा, हें तिचें सूत्र.

या चौकटीबाहेर पाऊल टाकणाऱ्यांत चार्ल्स आइव्हज (१८७४–१९५४) अग्रणी होत. पोटासाठीं विम्याचा धंदा आणि उरलेल्या वेळांत संगीत, असा त्यांचा क्रम. वडील गांवच्या बँडचे प्रमुख. दोन बँड समोरासमोरून वाजवीत आणले तर काय ऐकूं येतें, असले प्रयोग त्यांस आवडत. गणपतीच्या मिरवणुकींत चौकांत दोन बँड एकमेकांस भिडतात तेव्हांचा कल्लोळ आठवा. आपण कानांवर हात ठेवतों. आइव्हज यांनीं तो कागदावर उतरविला. 'द अनआन्सर्ड क्वेश्चन' या त्यांच्या रचनेंत तंतुवाद्यें मंद, निश्चल सूर धरून राहतात, तुतारी तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारते, आणि बासऱ्या उत्तर शोधतां शोधतां चिडून जातात. तंतुवाद्यें मात्र शेवटपर्यंत शांतच असतात.

एरन कॉपलंड (१९००–१९९०) यांची वाट निराळी. पॅरिसला नादिया बूलांझे यांच्याकडे शिकून ते परतले, आणि त्यांनीं आपल्या देशाच्या लोकगीतांत स्वतःची भाषा शोधली. १९४४ च्या 'ॲपलाचियन स्प्रिंग' या नृत्यनाट्यांत शेकर नामक साध्या राहणीच्या पंथाचें एक गीत घेऊन त्यांनीं त्याचीं अनेक रूपें खुलविलीं. दूरदूर अंतरावरचे स्वर एकत्र वाजवून मोकळ्या माळाचा भास निर्माण करणें, ही त्यांची खूण. तरीही कथेचा साचा त्यांनीं मोडला नाहीं.

तो मोडला जॉन केज (१९१२–१९९२) यांनीं, आणि येथें भारताचा संबंध येतो. १९४६ सालीं अहमदाबादच्या गीता साराभाई न्यूयॉर्कला गेल्या. केज यांनीं त्यांस पाश्चात्य रचनाशास्त्र शिकविलें आणि त्यांच्याकडून भारतीय संगीताचा विचार समजून घेतला. मन शांत करून त्यास दैवी प्रभावास पात्र करणें हा संगीताचा हेतु होय, हें गीताबाईंकडून मिळालेलें उत्तर त्यांच्या मनांत कायमचें रुजलें. 'सोनाटाज अँड इंटरल्यूड्स' (१९४६–४८) या मालिकेंत त्यांनीं पियानोच्या तारांत स्क्रू, बोल्ट आणि रबराचे तुकडे अडकवून त्या वाद्याचा आवाजच पालटला. या रचनांचा आधार होता आपला नवरसविचार, आणि ओढ शांतरसाकडे. १९५२ सालीं तर त्यांनीं '४ मिनिटें ३३ सेकंद' ही कृति सादर करविली. तींत वादक कांहींच वाजवीत नाहीं. सभागृहांत त्या वेळीं जे आवाज होतील तेच संगीत. थट्टा पुष्कळ झाली, परंतु 'पुढें काय?' ऐवजीं 'आतां काय ऐकूं येतें?' हा प्रश्न संगीतांत आला तो असा.

पुढच्या पिढीनें हा प्रश्न सुरांत सोडविला. ला मॉन्ट यंग यांच्या १९६० मधील एका रचनेंत दोनच स्वर आहेत, आणि ते पुष्कळ वेळ धरून ठेवावे एवढीच सूचना आहे. त्या दोन स्वरांचें नातें षड्ज-पंचमाचें! मिरजेच्या तंबोऱ्याजवळ बसलेल्या माणसास यांत नवल तें काय वाटावें? यंग आणि त्यांचे मित्र टेरी रायली हे दोघेही १९७० पासून पंडित प्राणनाथ यांचे शिष्य झाले. प्राणनाथांचे गुरु किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल वहीद खाँ. आपल्या हिराबाई बडोदेकरही त्यांच्याकडेच शिकल्या. म्हणजे हिराबाईंचे गुरुबंधु अमेरिकन संगीतकारांचे गुरु झाले.

रायली यांची सर्वांत गाजलेली रचना त्याआधींची, १९६४ सालची. तिचें नांव 'इन सी'. पेटीच्या भाषेंत सांगावयाचें तर 'पांढरी एक'मध्यें. तिच्यांत ५३ लहान स्वरवाक्यें आहेत. वादक कितीही असोत, वाद्यें कोणतींही असोत, संचालक नाहीं. प्रत्येक वादक एक वाक्य मनास येईल तितक्यांदा वाजवितो आणि मग पुढच्या वाक्यावर जातो. पट्टी एकच: इतरांचें ऐकावयाचें, आणि सोबत्यांपासून दोनतीन वाक्यांहून अधिक पुढें वा मागें राहावयाचें नाहीं. मागें एका स्वराचा ठोका अखंड चालूं असतो. दोन प्रयोग सारखे कधींच होत नाहींत.

फिलिप ग्लास यांनीं १९६५–६६ च्या सुमारास पॅरिसमध्यें पंडित रविशंकरांसमवेत काम केलें. लहान लहान मात्रागट जोडीत दीर्घ आवर्तन कसें उभें राहतें, हें त्यांस तेथें उमगलें. १९८० सालीं रॉटरडॅम येथें त्यांचें 'सत्याग्रह' हें संगीतनाट्य रंगभूमीवर आलें. विषय गांधीजींचें दक्षिण आफ्रिकेंतील कार्य. शब्द भगवद्गीतेंतील, संस्कृतांतच. अखेरीस गांधीजींच्या तोंडीं एक चढती स्वरपंक्ति पुनःपुन्हा येते, आणि तिचे स्वर आपल्या भैरवी थाटाशीं जुळतात. हा योगायोग असेल. पण भैरवीनें मैफल संपविणाऱ्या आपल्या कानांस तो गोड वाटल्यावांचून राहत नाहीं.

आतां डहाणूकडे परतूं. वाळविलेल्या भोपळ्याचा हवेचा कोठा, त्यास जोडलेल्या जिभल्यांच्या दोन बांबूच्या नळ्या आणि टोंकास ताडाच्या पानांचा कर्णा, हा तारपा. वादक नाकानें श्वास घेतां घेतां गालांतील हवेनें फुंक चालू ठेवतो, म्हणून सूर तुटत नाहीं. सुगीच्या दिवसांत रात्र रात्र हा नाच चालतो. वादक एक छोटी चाल घोळीत राहतो. ती बदलली कीं नाचणाऱ्यांचीं पाउलेंही बदलतात. तो वळेल तशी रांग वळते, आणि तारप्यास कोणी पाठ दाखवीत नाहीं.

'इन सी'शीं ताडून पाहा. लहान वाक्य, त्याची पुनरावृत्ति, न तुटणारा सूर, आणि बदल केव्हां करावयाचा याची परस्परांकडे कान देऊन घेतलेली जाणीव, हीं लक्षणें दोहींकडे आहेत. अमेरिकनांनीं हें वारल्यांकडून घेतलें असें मात्र कोणी समजूं नये. भेदही मोठा आहे. रायली यांचा श्रोता खुर्चीत बसून ऐकतो. तारप्याचा श्रोता नाचतो. तारपा हें पायांनीं ऐकावयाचें संगीत आहे. म्हणून दूर उभ्या असलेल्या पाहुण्यास तें 'तेंच तें' वाटतें. रांगेंत हात गुंफलेल्यास चाल केव्हां पालटते हें चुकवून चालत नाहीं, आणि लक्ष देणाऱ्यास तेंच तें असें कांहीं उरत नाहीं.

कार्नेगी हॉलमध्यें जें संगीत ओरडून बंद पाडूं पाहिलें, तें पुढें जगभर मान पावलें. त्यास लेखी स्वरलिपि होती, ध्वनिमुद्रिका होत्या, समीक्षक होते. तारप्याचा आधार एकच: वाजविणारा, आणि त्याच्याभोंवतीं नाचणारी रांग. रांग विस्कटली तर चाली कोणासाठीं वाजवावयाच्या? भिंतीवरचें चित्र टिकेल. परंतु त्या वेटोळ्यास वळविणारा सूर चित्रांत राहत नाहीं. मुंबईहून डहाणूरोडपर्यंत आतां लोकलगाडी येते. सुगीच्या दिवसांत एखाद्या पाड्यावरून बोलावणें आलें, तर आपण अवश्य यावें. पहिला अर्धा तास अभिप्राय देऊं नये. चाल ओळखावी, ती कितव्यांदा फिरून आली तें मोजूं लागावें, आणि मोजणें विसरलें कीं खुशाल रांगेंत शिरावें.