बंदुकीस तिवईचा आधार

शेतकीच्या मासिकांत नेमबाजीचा विषय कशाला, असें कांहीं वाचकांस वाटेल. परंतु रानडुकरांचा कळप एका रात्रींत मक्याचें उभें पीक लोळवून जातो, हा अनुभव रानालगतच्या कास्तकारांस नवा नाहीं. अशा वेळीं हातांत बंदूक असणें निराळें आणि ती नीट चालविणें निराळें.

शिकारीची हौस हा आमचा विषय नव्हे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीस बंदी आहे. येवल्याकडील ममदापूरचीं काळविटें असोत कीं निफाडच्या उंसांतील बिबट्या असो, त्यांची शिकार हा गंभीर गुन्हा होय. मात्र उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकरास मारण्याची लेखी परवानगी त्याच कायद्याच्या 11 व्या कलमान्वयें मिळूं शकते. पीकसंरक्षणार्थ ठासणीच्या बंदुकीचा परवाना 1959 च्या शस्त्र कायद्याखालीं मिळतो. बंदुकीचा परवाना व जनावर मारण्याची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीनें दुसरीचें काम भागत नाहीं.

परवानगी मिळाल्यावर खरी जबाबदारी सुरू होते. नेम चुकून जखमी झालेलें डुक्कर उंसांत शिरतें, आणि पहाटे दारें धरावयास गेलेल्या गड्यावर उलटतें. मुका प्राणी तळमळत राहतो तें वेगळेंच. म्हणून नेम हा हौसेचा नसून माणुसकीचा प्रश्न आहे.

नेम चुकतो कां? खांद्यापासून नळीच्या टोकापर्यंतचें अंतर सुमारें एक मीटर धरा. टोक एक मिलिमीटर हललें, तर 50 मीटरवर गोळी 5 सेंटिमीटर व 100 मीटरवर 10 सेंटिमीटर सरकते. श्वास, नाडीचे ठोके व थकलेले स्नायु हातास स्थिर राहूं देत नाहींत. बंदुकीचा भार स्नायूंवरून काढून लांकडावर टाकणें, हाच यावर उपाय.

एका काठीच्या आधारानें वर-खालीं हलणें कमी होतें, पण बाजूचें डोलणें राहतें. दोन काठ्या कातरीप्रमाणें बांधल्यास तेंहि आवरतें. पुढें-मागें झुलणें मात्र उरतें. तिसरा पाय आला कीं तेंहि थांबतें. उपणणीची वावडी आणि मोजणीदाराचा फळा तीन पायांवरच उभे असतात, कारण उंचसखल जमिनीवरहि तीन पाय डुगडुगत नाहींत.

अशी तिवई घरींच होते. खांद्याएवढ्या तीन सरळ बांबूच्या काठ्या घेऊन वरून एक वीत सोडून दोरीनें आवळाव्या, पाय फांकवून जमिनींत रोवावे, व वरच्या बेचक्यांत गोणपाटाची घडी ठेवावी. नळी कठीण वस्तूवर टेकूं नये. बार उडतांना ती उसळून गोळी भलतीकडे जाते. नळीखालचा लांकडी भागच घडीवर ठेवावा. बसून नेम धरणें शक्य असल्यास कोपरें गुडघ्यांवर टेकावीं. अर्धा श्वास सोडून थांबावें व घोडा हिसका न देतां हळूच दाबावा.

पॅरिस ऑलिंपिकमध्यें 1 ऑगस्ट 2024 रोजीं 50 मीटर रायफल स्पर्धेंत कांस्यपदक मिळविणारे कांबळवाडीचे (जि. कोल्हापूर) स्वप्नील कुसाळे यांनीं नेमबाजीचे धडे नाशकांतच गिरविले. त्या स्पर्धेंत गुडघ्यावर बसून, पालथें पडून व उभ्यानें नेम धरावा लागतो. तिवईची मुभा नसते. पालथ्या नेमबाजाचीं दोन कोपरें व धड मिळून जणूं जिवंत तिवईच होते. उभ्यानें हा आधार नाहीं, हातास पट्ट्याची मदतहि नाहीं; म्हणून तो प्रकार सर्वांत अवघड. वर्षानुवर्षें सराव करणाऱ्यासहि जें कठीण, तें जागरणानें थकलेल्या शेतकऱ्यानें अंधारांत कां करूं पाहावें?

तिवईनें हात स्थिर होतो, विवेक नव्हे. जनावर स्पष्ट ओळखल्यावांचून, आणि त्याच्या मागें बांध किंवा मोकळी माती आहे, वस्ती वा वाट नाहीं, याची खात्री केल्यावांचून बार काढूं नये. माळ्यावरून खालीं मारलेली गोळी जमिनींत जाते, म्हणून ती अधिक निर्धोक. मारलेलें जनावर कायद्यानें सरकारची मालमत्ता ठरतें. त्याची वर्दी वनखात्यास तत्काळ द्यावी. आधार मिळत नसेल, तर त्या रात्रीं डबा वाजवून कळप हांकलावा. पिकाचें नुकसान भरून निघेल. गड्याचा जीव भरून निघणार नाहीं.