पतंग म्हणजे नुसती कीड?
फुलपाखरं पाहायला लोक आंबोली गाठतात. घरात शिरलेल्या पतंगावर मात्र झाडू उगारतात. हा पक्षपात आकड्यांपुढे टिकत नाही: भारतात फुलपाखरांच्या जाती साधारण 1,300, पतंगांच्या 10 हजारांहून अधिक. ‘पिकं खाणाऱ्यांचं कौतुक कसलं?’ हा आक्षेप पोकळ नाही. गुलाबी बोंडअळी हे पतंगाचंच बालरूप, आणि विदर्भातला कापूस उत्पादक तिला पुरता ओळखून आहे. पण त्याच विदर्भात, भंडारा-गडचिरोलीच्या जंगलात, ऐन आणि अर्जुनाच्या पाल्यावर वाढणाऱ्या दुसऱ्या एका पतंगाच्या कोशातून टसर रेशीम निघतं. त्या पतंगाच्या चारही पंखांवर डोळ्यांसारखे पारदर्शक ठिपके असतात, आणि प्रौढपणी तो काही खातच नाही! मोजक्या जातींचा गुन्हा हजारोंच्या माथी मारणं म्हणूनच चूक. राहिला बेरंगीपणाचा आरोप. तो बघणाऱ्याच्या घाईचा आहे. करडे पंख झाडाच्या सालीत असे मिसळतात, की पक्षीही फसतात.

पाहायचेच असतील तर पावसाळ्यात, अमावस्येच्या आसपास, पांढरी चादर टांगून तिच्यावर दिवा सोडा. निरीक्षण आटोपलं की तो आठवणीनं बंद करा; रात्रभर उजेडापाशी अडकलेले पतंग सकाळी पक्ष्यांना आयते सापडतात.