इम्प्लांट जागेवरून हलला तर...

गोळ्या, इंजेक्शन, व्हॅक्यूम पंप हे सगळे उपाय करूनही लिंगाला ताठरता येत नसेल, तर शस्त्रक्रियेने इम्प्लांट बसवण्याचा पर्याय उरतो. दीर्घकाळचा मधुमेह, प्रोस्टेट कर्करोगाची शस्त्रक्रिया किंवा मज्जारज्जूची दुखापत झालेल्या अनेकांना त्याचा चांगला फायदा होतो. मात्र एकदा इम्प्लांट बसवला की विषय संपला, असे समजणे चुकीचे आहे. काही महिन्यांनी किंवा वर्षांनीही तो जागा सोडू शकतो.

इम्प्लांटचे मुख्य प्रकार दोन. पहिल्या प्रकारात हवा तसा वाकवता येणाऱ्या दोन कांड्या असतात. तो तुलनेने स्वस्त असतो. मुंबईचे डॉ. रूपिन शाह यांनी भारतीय रुग्णांसाठी विकसित केलेला इम्प्लांट याच प्रकारातला. दुसरा फुगवता येणारा. १९७३ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टनच्या डॉ. ब्रँटली स्कॉट यांनी तो प्रथम मांडला. त्याच्या आजच्या तीन भागांच्या रूपात लिंगात दोन सिलिंडर, वृषणकोशात पंप आणि ओटीपोटात सलाइनची छोटी पिशवी असते.

लिंगात नैसर्गिकरीत्या दोन लांबट पोकळ्या असतात आणि त्यांच्याभोवती चिवट आवरण असते. कांड्या किंवा सिलिंडर याच पोकळ्यांत बसतात. हे आवरण कुठे फाटले किंवा झिजले, की इम्प्लांट सरकतो. तो मागे जांघेकडे घसरतो, एका बाजूचा दुसऱ्या बाजूला जातो किंवा पुढे सरकून त्वचेवर अथवा मूत्रमार्गावर दाब देतो. मापापेक्षा मोठा इम्प्लांट, शस्त्रक्रियेच्या वेळी आवरणाला झालेली इजा, जंतुसंसर्ग, आधी घेतलेली रेडिएशन ही त्याची कारणे असू शकतात. कांड्यांचा दाब तर चोवीस तास असतो. मधुमेहात किंवा मज्जारज्जूच्या दुखापतीत संवेदना कमी झालेली असेल, तर आतले आवरण झिजत असूनही दुखत नाही. म्हणूनच दुखत नाही म्हणजे सगळे ठीक आहे, असे मानता येत नाही.

लिंगाचे टोक एका बाजूला झुकणे, कांडी त्वचेखाली टोचल्यासारखी लागणे, तिथली त्वचा पातळ वा लाल होणे, लघवीत रक्त, लघवीला जळजळ, स्राव किंवा ताप, यांपैकी काहीही दिसले तर लवकरात लवकर यूरॉलॉजिस्टला गाठावे. कांडी बाहेर दिसू लागली तर त्याच दिवशी जावे. ती स्वतः आत ढकलू नये. फुगवता येणाऱ्या इम्प्लांटमध्ये पंप वर सरकून हाताला न लागणे किंवा पिशवी जांघेत फुगवट्यासारखी येणे, असेही होते. क्वचित ही पिशवी मूत्राशयात किंवा आतड्यात घुसते.

वेळेवर गेल्यास काम सोपे असते. त्वचा शाबूत आणि संसर्ग नसेल, तर आवरण दुरुस्त करून इम्प्लांट पुन्हा नीट बसवता येतो. संसर्ग झाला की बहुधा तो सगळा काढावा लागतो. निवडक रुग्णांमध्ये पोकळ्या धुऊन त्याच वेळी नवा बसवता येतो. ते शक्य नसेल, तर रिकाम्या पोकळ्यांत व्रण-ऊतक साचते, लिंग आखूड होते आणि पुढची शस्त्रक्रिया कठीण होऊन बसते. इम्प्लांट काढल्यावर पूर्वीची नैसर्गिक ताठरताही सहसा परत येत नाही, कारण तो बसवताना आतील स्पंजासारख्या ऊतकांना धक्का लागलेला असतो. उशिराची किंमत ही अशी मोजावी लागते.

इम्प्लांट असलेल्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. मूत्रनलिका घालण्यापूर्वी, एमआरआयपूर्वी, हर्निया वा प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना इम्प्लांटची माहिती द्यावी. नलिका जास्त दिवस राहिली तर आतून नलिकेचा आणि बाहेरून कांडीचा दाब बसून मूत्रमार्ग झिजू शकतो. इम्प्लांटचे कार्ड फाइलमध्ये ठेवावे आणि पत्नीला किंवा घरातल्या एका विश्वासू व्यक्तीला त्याची कल्पना द्यावी. रुग्ण बेशुद्धावस्थेत रुग्णालयात पोहोचला, तर डॉक्टरांना हे सांगणारे दुसरे कोणी नसते.

गुडघ्याचा सांधा बदललेला माणूस पाय दुखू लागला की निःसंकोच डॉक्टरांकडे जातो. या इम्प्लांटबाबतही तसेच करायला हवे.